मंगोलिया कोणाच्या बाजूचा? उलानबातरहून नागपूरकरांसाठी

नागपूरच्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: मंगोलिया नेमका कोणाच्या बाजूचा, रशियाच्या की चीनच्या? टीव्हीवरच्या चर्चा ऐकून हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. उलानबातर या राजधानीत राहणाऱ्याला मात्र त्याचं उत्तर नेत्यांच्या भाषणांत फारसं सापडत नाही. पेट्रोल कुठून येतं, रुळांचं माप काय, हिवाळ्यात वीज कोण देतं आणि कर्जाचा हप्ता कधी भरायचा आहे, हे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं.

आधी आकार बघा. मंगोलियाचं क्षेत्रफळ १५.६४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढं. लोकसंख्या मात्र साधारण ३५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्यात साडेशेहेचाळीस लाख लोक होते. उत्तरेला रशिया, दक्षिणेला चीन, तिसरी सीमा नाही आणि समुद्रही नाही. जहाजाने येणारा बहुतेक माल चीनच्या तिआनजिन बंदरात उतरतो आणि तिथून रेल्वेने गोबीच्या वाळवंटातून वर येतो. पेट्रोल-डिझेल जवळजवळ सगळं रशियाचं. निर्यातीचा सिंहाचा वाटा, मुख्यतः कोळसा आणि तांबं, चीनला जातो. आपल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींतला कोळसा कोराडीच्या वीजकेंद्राला जातो, खापरखेड्याच्या जातो, तिथे नको असेल तर आणखी कुठे जातो. दक्षिण गोबीतल्या तवान तोलगोईच्या कोळशाला व्यवहारात एकच गिऱ्हाईक आहे.

सोव्हिएत फौजा १९९२ पर्यंत या देशात होत्या. त्या जात असतानाच राज्यकर्त्यांनी सगळ्यात आधी कागद पक्के केले, आणि ते फार शहाणपणाचं झालं. १९९२ च्या राज्यघटनेत तरतूद आली की कायदा केल्याशिवाय परकी सैन्य देशात ठेवता येणार नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओचिरबात यांनी संयुक्त राष्ट्रांत देश अण्वस्त्रमुक्त असल्याचं जाहीर केलं. १९९३ मध्ये रशियाशी आणि १९९४ मध्ये चीनशी मैत्री करार झाले. दोन्हींचा गाभा एकच: एकाच्या विरोधातल्या आघाडीत दुसऱ्याने सामील व्हायचं नाही. त्यामुळे आज कोणी तळ मागितला किंवा लष्करी गटात ओढलं, तर मंगोलियाला नवी सबब शोधावी लागत नाही. नकार आधीच लिहून ठेवलेला आहे, आणि तो दोघांनाही सारखाच लागू आहे.

मग आला ‘तिसरा शेजारी’. १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर इथे आले असताना हा शब्दप्रयोग झाला आणि पुढे तो मंगोलियाचं धोरणच बनला. सीमेला न लागणारे पण उपयोगी पडणारे देश, असा त्याचा अर्थ: अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, युरोप, भारत. उलानबातरच्या रस्त्यावर हे धोरण डोळ्यांना दिसतं. वाहतूक उजव्या बाजूने चालते, पण निम्म्याहून जास्त गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच, कारण त्या जपानमधून आलेल्या जुन्या प्रियस. कोपऱ्याकोपऱ्यावर कोरियन दुकानं आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ जपानच्या कर्जातून उभा राहिला. ओयू तोलगोई या तांब्याच्या प्रचंड खाणीत ३४ टक्के वाटा मंगोलिया सरकारचा आणि ६६ टक्के रिओ टिंटो या परदेशी खाण कंपनीचा. युरेनियमसाठी २०२५ च्या जानेवारीत फ्रान्सच्या ओरानो कंपनीशी करार झाला. ‘खान क्वेस्ट’ हा लष्करी सराव २००३ पासून अमेरिकेबरोबर होतो, आणि २०१८ मध्ये हेच मंगोल सैन्य रशियाच्या ‘वोस्तोक’ सरावातही चीनबरोबर होतं.

पण तिसरा शेजारी पैसे देतो, यंत्रं देतो, मुलांना विद्यापीठात जागा देतो. जानेवारीत उणे तीस अंशांत डिझेलचा टँकर तो पाठवू शकत नाही. पाठवायचं म्हटलं तरी तो टँकर या दोघांपैकी एकाच्या अंगणातूनच यायला हवा.

रुळांचा मामला जरा सविस्तर सांगतो. मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय पाहिलेल्यांना आणि इतवारीची छोटी लाईन आठवणाऱ्यांना तो चटकन उमजेल. छोटी लाईन ७६२ मिलिमीटरची, आपली ब्रॉडगेज १,६७६ ची. माप बदललं की माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. मंगोलियाचे रूळ रशियन मापाचे, १,५२० मिलिमीटर. चीनचे १,४३५. फरक फक्त ८५ मिलिमीटरचा, पण त्यापायी सीमेवर प्रवासी गाडीचा एकेक डबा जॅकवर उचलून खालच्या बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, बदलतात आणि त्यात तास जातात. मालगाडीचा माल एका वॅगनमधून दुसऱ्या वॅगनमध्ये भरावा लागतो. त्यात देशातल्या मुख्य रेल्वे कंपनीची निम्मी मालकी १९४९ पासून रशियाकडे आहे, त्यामुळे मोठ्या बदलाला मॉस्कोची संमती लागते.

२०१० मध्ये संसदेने ठरवलं की नवे मार्गही १,५२० चेच होतील. चिनी गाड्या थेट आत येऊ नयेत, ही त्यामागची धास्ती. खाणवाल्यांचं म्हणणं, सीमेवर दर टनामागे भुर्दंड बसतो आणि बाजारात मार खावा लागतो. २०१४ मध्ये चीनकडे जाणाऱ्या मार्गांसाठी चिनी माप मंजूर झालं. पुढे पैसा अडला, काम रखडलं, मत पुन्हा फिरलं. शेवटी तवान तोलगोई ते चीनच्या सीमेवरचं गाशून सुखाईत हा २३३ किलोमीटरचा मार्ग २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला, तो १,५२० च्या मापाचाच. तोवर कोळसा ट्रकने जात होता आणि कोविडमध्ये चीनने सीमा आवळली तेव्हा ट्रकच्या रांगा जागच्या जागी थांबल्या. सीमेपलीकडच्या रुळांशी जोडण्याचा करार व्हायला २०२५ उजाडलं. रशियन माप ठेवणाऱ्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, चिनी माप मागणाऱ्यांचंही नाही. देशाला महाग पडली ती मधली धरसोड.

धरसोडीचं दुसरं उदाहरण २०१२ चं. चीनच्या सरकारी चाल्को कंपनीने इथल्या कोळसा खाणीच्या मालक कंपनीतला मोठा हिस्सा घ्यायची तयारी केली. निवडणूक तोंडावर होती. संसदेने घाईघाईने कायदा केला: खाण, बँक आणि माध्यमं या क्षेत्रांत मोठ्या परकी गुंतवणुकीला सरकारी मंजुरी हवी. रोख चीनवर होता, पण कायद्याच्या शब्दांत सगळेच परके अडकले. ज्या तिसऱ्या शेजाऱ्यांना बोलवायचं होतं तेच आधी पळाले. गुंतवणूक कोसळली आणि २०१३ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. खरं तर २०१० च्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात जास्त चांगली कसोटी आधीच होती: कुठल्याही एका देशाची गुंतवणूक एकूण परकी गुंतवणुकीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये. त्यात कोणाचं नाव नाही, म्हणून कोणाला राग धरायला जागा नाही.

दीक्षाभूमीच्या शहरातल्या वाचकांना २०१६ चा प्रसंग जास्त लागेल. मंगोलिया शतकानुशतकांचा बौद्ध देश आहे आणि दलाई लामांवर इथल्या लोकांची अपार श्रद्धा आहे. त्या नोव्हेंबरात ते आले. निमंत्रण धार्मिक आहे, सरकारचं नाही, असं सरकारने सांगितलं. चीनने ते मानलं नाही. कर्जाची बोलणी थांबली आणि गाशून सुखाईतच्या नाक्यावर मालावर जादा शुल्क बसलं. डिसेंबरमध्ये परराष्ट्रमंत्र्यांना जाहीर करावं लागलं की या सरकारच्या काळात दलाई लामांना पुन्हा बोलावणं होणार नाही. २०११ मध्ये १७ टक्क्यांच्या वर असलेली वाढ तोवर पार खाली आली होती, तुग्रिक हे इथलं चलन घसरलं होतं आणि मार्च २०१७ मध्ये मोठ्या रोख्यांची परतफेड दारात उभी होती. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने साडेपाच अब्ज डॉलरची मदत जमली, आणि चिनी मध्यवर्ती बँकेसोबतची चलन-अदलाबदल सुविधा (गरजेला चिनी चलन मिळण्याची सोय) चालू राहणं हा त्या जुळणीचाच भाग होता. गंगाजळी भरलेली असती तर हाच दौरा कदाचित निषेधाच्या एका पत्रकावर निभावला असता. श्रद्धेच्या बाबतीत एका देशाला असं झुकावं लागणं फार क्लेशकारक आहे.

रशियाच्या बाजूचा पेच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दिसला. मंगोलिया आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य आहे, त्या न्यायालयाचं पुतीन यांच्यावर अटक वॉरंट आहे, आणि पुतीन उलानबातरला येऊन गेले. सरकारने कारण स्पष्ट दिलं: ९५ टक्के इंधन आणि २० टक्क्यांहून जास्त वीज शेजाऱ्यांकडून येते. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने मंगोलियाने कर्तव्य पाळलं नाही असा निर्णय दिला. त्याआधी २ मार्च २०२२ ला युक्रेनवरच्या ठरावात मंगोलिया तटस्थ राहिला, भारतही राहिला. बाहेरून दोन्ही मतं सारखी दिसतात. भारताकडे मात्र तेल घ्यायला दहा ठिकाणं आहेत.

हे वाचताना आपण आपोआप लहान देशाची बाजू घेतो. नेपाळमध्ये बसलेल्या माणसाला यातला एक मोठा शेजारी म्हणजे आपणच. २०१५ मध्ये सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा काठमांडूत गॅस आणि पेट्रोलची टंचाई झाली, आणि २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार, म्हणजे चीनमार्गे माल ने-आण करण्याचा करार, केला. त्या कराराकडे नुसता भारतविरोध म्हणून पाहिलं तर त्यातली निकड आपल्याला दिसत नाही.

आता भारताच्या वाट्याचं काम. दोर्नोगोवी प्रांतात साइनशांदजवळ भारताच्या कर्जातून तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतो आहे. २०१५ मध्ये १ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर झालं, आता प्रकल्प १.७ अब्जांवर गेला आहे. वर्षाला १५ लाख टन क्षमता, आणि पूर्ण व्हायचं उद्दिष्ट २०२८ चं. मंगोलियाच्या पूर्वेला स्वतःचं कच्चं तेल निघतं, पण शुद्ध करायची सोय नसल्याने ते चीनला जातं आणि पेट्रोल रशियाकडून विकत घ्यावं लागतं. म्हणून कारखान्याइतकीच महत्त्वाची आहे ती तेलक्षेत्रांपासून येणारी पाचशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी. ती वेळेत झाली नाही तर कारखान्याला कच्चं तेल देणारे पुन्हा तेच दोघे असतील. तेव्हा या प्रकल्पाची बातमी नागपूरच्या पेपरात आली तर उद्घाटनाची तारीख नंतर बघा, वाहिनी कुठवर आली ते आधी वाचा.