एवढ्यासाठी राज्य उलथवलं?

बॉस्टनच्या स्टेट स्टेशनातून वर आलं की ओल्ड स्टेट हाउस दिसतं. १७१३ सालची विटांची इमारत, चहूबाजूंनी टॉवर. भाडेकरूंच्या भांडणात बिल्डरच्या हातून निसटलेला पुण्यातला एखादा वाडा असतो ना, अगदी तशी. स्टेशनचं एक तोंड तर तिच्या तळघरातूनच निघतं.

आई-बाबा या उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांना सगळ्यात आधी इथेच आणलं. बाबांनी मान वर केली ती खाली घेईनात. छताच्या एका कोपऱ्यावर सोनेरी सिंह, दुसऱ्यावर रुपेरी एकशिंगी घोडा. इंग्लंडच्या राजाचं चिन्ह.

"अगं, इंग्रजांना हाकललं ना यांनी? मग हा सिंह कशाला ठेवलाय?"

सिंहाकडे वळण्याआधी भांडण कशावरून झालं ते सांगणं भाग होतं. मी १७६५ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टपासून, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटनं अमेरिकेतल्या वसाहतींवर बसवलेल्या मुद्रांक करापासून, सुरुवात केली आणि फसले, कारण बाबांची सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पंचांगं, पत्त्यांचे कॅट, सगळं मुद्रांक लावलेल्या कागदावर, हे ऐकून ते खूशच झाले. "म्हणजे आमचंच खातं की! एवढ्यासाठी राज्य उलथवलं?"

प्रश्न रास्त होता. लंडनलाही तेच वाटत होतं. १७६३ साली फ्रान्सशी सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं. अमेरिकेतल्या वसाहतींचं रक्षण करायला फौज ठेवायची, तर खर्चाचा वाटा त्यांनी उचलायला नको? खुद्द इंग्लंडात मुद्रांक १६९४ पासून होताच. पार्लमेंटात आमचा खासदार नाही, मग कर का द्यायचा, असं म्हणता? मँचेस्टरचाही नाही, ते देतातच ना कर!

आणि इथली माणसं राजावर जीव टाकणारी होती, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. स्टॅम्प अ‍ॅक्ट १७६६ साली मागे घेतला तर न्यूयॉर्ककरांनी कृतज्ञतेपोटी तिसऱ्या जॉर्जचा सोन्याचा मुलामा दिलेला अश्वारूढ पुतळा उभारायचं ठरवलं, १७७० साली उभारलाही. सहा वर्षांनी तोच पाडून त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या.

मधल्या काळात जे घडलं ते कराच्या रकमेवरून नव्हतं. वसाहतींच्या आपापल्या विधानसभा होत्या. मॅसॅच्युसेट्सची याच इमारतीत, वरच्या मजल्यावर भरायची. कर तीच ठरवायची, आणि हे आपण इंग्रज असल्यामुळे आहे, अशी लोकांची पक्की समजूत. पार्लमेंटनं स्टॅम्प अ‍ॅक्ट मागे घेताना त्याच दमात दुसरा कायदा केला: वसाहतींना कुठल्याही बाबतीत बांधील करणारे कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे.

बाबांना हे लगेच उमगलं. "म्हणजे सातबाऱ्यावर आपण मालक आहोत असं धरून चालले होते, आणि उतारा काढला तर नाव कूळ म्हणून इतर हक्कात."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघून थांबले. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. कर भरते, मत देता येत नाही. मीही काही बोलले नाही.

सज्जाखाली रस्त्यात दगडांचं एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७० ला इंग्रज सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच जण मेले, त्याची खूण. मला यातला नंतरचा खटला जास्त बोलका वाटतो. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सनं, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला तोच. आठांपैकी सहा निर्दोष सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. आपल्याला इंग्रजी न्याय मिळतो, आपणही तो द्यायचा, हा विश्वास तोवर शाबूत होता.

मग चहा. १७७३ म्हटल्यावर बाबा म्हणाले, "नारायणरावांचा खून." बरोबर, ३० ऑगस्ट, शनिवारवाडा. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनी गाळात होती, गोदामांत चहा पडून होता. तो थेट अमेरिकेत विकायची मुभा पार्लमेंटनं दिली. गंमत म्हणजे चहा त्यामुळे स्वस्त होणार होता! पण पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर त्यात होताच, म्हणजे स्वस्त चहा घेतला की कर मान्य केल्यासारखं. शिवाय चोरट्या डच चहावर जगणारे व्यापारी बुडणार. सगळेच काही तत्त्वासाठी भांडत नव्हते. कंपनीनं बंगालचं काय केलं हेही त्यांच्या कानावर होतं. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सननं त्याच वर्षी त्यावर लिहिलंय. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनकरांनी जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या केल्या.

इथवरची गोष्ट बॉस्टनचा प्रत्येक गाइड सांगतो. आम्ही राहतो तिकडची, वुस्टरची, फारसं कुणी सांगत नाही. चहाची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये लंडननं बॉस्टनचं बंदर तर बंद केलंच, वर मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावानं वर्षातून एकदाच सभा घ्यायची. ज्या शेतकऱ्यानं बॉस्टनचं बंदर कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या हातून गावचा रस्ता नि कुंपण ठरवायची बैठकही गेली. ६ सप्टेंबरला वुस्टरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी साडेचार हजारांवर माणसं उभी राहिली. न्यायाधीशांना आणि अंमलदारांना टोपी हातात घेऊन मधून चालायला लावलं, आणि नव्या कायद्याखाली काम करणार नाही हे तीसेक वेळा वाचायला लावलं, शेवटच्या माणसाला ऐकू जावं म्हणून. गोळी एकही सुटली नाही. युद्धाची पहिली चकमक, लेक्सिंग्टनची, यानंतर सात महिन्यांनी झाली.

तरी राजाची आस सुटेना. राजा चांगला, कारभारी वाईट, हे आपल्याला काही नवं नाही. लढाई पेटल्यावर, जुलै १७७५ मध्येसुद्धा, काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, राजाला विनंतीअर्ज पाठवला. त्यानं तो घेतलाच नाही, उलट ऑगस्टमध्ये सगळ्यांना बंडखोर ठरवलं. कारभाऱ्यावर ढकलायची सोय तिथे संपली. पुढच्या जुलैत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तक्रारींची अख्खी जंत्री राजाच्या नावावर आहे. सगळे फिरले असं मात्र नाही. मार्च १७७६ मध्ये इंग्रज फौज बॉस्टन सोडून गेली तेव्हा हजारावर राजनिष्ठही घरदार टाकून गेले.

१८ जुलै १७७६ ला समोरच्या सज्जातून जाहीरनामा वाचला गेला, आणि मूळ सिंह नि एकशिंगी खाली उतरवून जाळले.

"मग हे?"

"नकला आहेत. यांनीच परत बसवल्या, १८८२ साली." १९७६ मध्ये एलिझाबेथ राणी आली तेव्हा ती याच सज्जात उभी राहिली, हेही सांगितलं. बाबांनी हूं केलं आणि फोटो काढला. त्यात सिंह आहे, मी अर्धीच आहे.

ऊन फार होतं म्हणून कोपऱ्यावर थंड चहा घेतला. आईला तो चहा वाटलाच नाही. बाबांनी पावती उलटसुलट केली, चष्मा कपाळावर सरकवून कर शोधला.

"सात टक्के," ते म्हणाले. "पुण्यात फ्लॅटला मुद्रांक आहे तेवढाच."