टेक्सासचं अर्धं क्रेडिट आणि आबांचा कोयता

माझ्या मुलीला, मुक्ताला, केमिस्ट्रीत एटीकेटी लागली, असं माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, गावभर सांगून टाकलं आहे. आता मी काहीही समजावलं तरी उपयोग नाही. ऑगस्टमध्ये निफाडला होते तेव्हा किराणा दुकानात, दवाखान्यात, अगदी देवळाच्या पायरीवरसुद्धा एकच प्रश्न: "काय सूनबाई, निघाला का पोरीचा विषय?"

अहो, ती नापास झाली नव्हती. हजेरी कमी पडली होती. पण आबांचं म्हणणं, अमेरिकेत काहीही म्हणत असतील, विषय राहिला म्हणजे एटीकेटी. विचार केला तर ते फारसे चुकीचे नाहीत.

झालं असं. जानेवारीत सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नवऱ्याला दोन आठवड्यांवर रजा मिळेना, म्हणून मुक्ताला घेऊन मी ह्यूस्टनहून निफाडला आले. ऑपरेशन नीट झालं, पण आमच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी होतं आणि पासपोर्ट परत यायला लागले तीन आठवडे. (हे दुखणं काय असतं ते ज्याला माहीत त्याला माहीत.) ह्यूस्टनला परतलो तेव्हा मार्च अर्धा सरला होता आणि साधारण 88 दिवसांच्या सत्रात मुक्ताचे 26 दिवस बुडाले होते.

टेक्सासचा कायदा असा की वर्ग जेवढे दिवस भरला त्याच्या 90 टक्के दिवस मूल हजर नसेल, तर मार्क कितीही असोत, क्रेडिट, म्हणजे विषय पुरा केल्याची नोंद, नाही. 75 ते 90 च्या मध्ये असाल तर मुख्याध्यापक काही योजना आखून देतात. त्याच्याही खाली गेलात की प्रकरण उपस्थिती समितीपुढे. आम्ही 70 वर. समितीने बाकीचे विषय सोडले, कारण मुक्ताने निफाडहून रात्री जागून सगळा गृहपाठ पाठवला होता. केमिस्ट्री अडकली. इथल्या अभ्यासक्रमात हायस्कूल विज्ञानाचा निदान 40 टक्के वेळ प्रयोगांना द्यायचा असतो आणि प्रयोग काही निफाडहून ईमेल करता येत नाहीत. गुणपत्रिकेवर आलं इंग्रजी 'आय'. इन्कम्प्लीट. ठरलेल्या तारखेपर्यंत भरपाई झाली नाही तर क्रेडिट गेलं. एका सत्राचं म्हणून अर्धंच, पण गेलं.

इथपर्यंत मी समजूतदार होते. भरपाई करायला कुणाची ना आहे? चार शनिवार प्रयोगशाळा उघडा, मी स्वतः भांडी घासायला येते. पण भरपाई म्हणजे काय ते कळलं आणि माझं डोकं फिरलं. भरपाई प्रयोगांची नव्हती, तासांची होती. शनिवारी सकाळी चार तास शाळेच्या कॅफेटेरियात बसायचं. समोर फुटबॉलचे कोच, तेही बिचारे घड्याळाकडे बघणारे. पुस्तक वाचा, वाचू नका, टेबलावर डोकं ठेवा, पण बसा. इतके तास बसलं की ते केमिस्ट्रीचे तास. म्हणजे ज्या कारणासाठी विषय अडकवला, ते प्रयोग राहिले बाजूलाच! मी पहिल्या शनिवारी गाडीतून बघत होते, मुलगी चार तास नखं कुरतडत होती. दुसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "आई, माझं हे बसणं नक्की कोणत्या चॅप्टरमध्ये येतं?"

चिडून मी या तासांचं मूळ शोधत बसले. सापडलं ते असं: 1906 मध्ये कार्नेगी फाउंडेशनला कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं होतं. मग कॉलेज कशाला म्हणायचं? तर जिथे प्रवेशाला हायस्कूलचा ठरावीक अभ्यास लागतो त्याला. आणि अभ्यास मोजायचा कसा? तासांनी. एका विषयाला वर्षाचे 120. तेच ते कार्नेगी युनिट. प्राध्यापकांच्या म्हातारपणाच्या सोयीसाठी काढलेलं माप, आणि त्यात माझी पोरगी कॅफेटेरियात बसलेली.

बरं, केमिस्ट्रीच्या बाई चांगल्या होत्या, हे सांगायलाच हवं. राहिलेल्या सात प्रयोगांची यादी त्यांनी स्वतःच्या टिपणांसकट मुक्ताच्या हातात दिली आणि म्हणाल्या, माझ्या हातात असतं तर मी तुला लॅबमध्येच बसवलं असतं. ती यादी आमच्या फ्रिजवर पुढे पाच महिने होती.

मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की सासूबाईंना ऑगस्टमध्ये पुन्हा दाखवावं लागेल, कदाचित दुसरं ऑपरेशन. म्हणजे अकरावीची सुरुवातच गैरहजेरीने. पुन्हा 90 टक्के, पुन्हा समिती, पुन्हा कॅफेटेरिया. तेव्हा आम्ही ठरवलं, एक वर्ष होमस्कूल.

आणि इथे मला दुसरा धक्का बसला. 26 दिवस आजीजवळ राहिल्याबद्दल समिती, पत्रं, सह्या. शाळा कायमची सोडायला? दोन ओळींचं पत्र. आम्ही अमुक तारखेपासून मुलीला घरी शिकवणार आहोत. बस्स. कुणी घरी आलं नाही, कुणी पुस्तकं तपासली नाहीत. 1994 साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा दिला, तेव्हापासून हे असंच. शिकवायचं काय याची अट पाच विषयांची: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. मी यादी तीनदा वाचली. विज्ञान नाहीच! ज्या राज्याने माझ्या मुलीचं अर्धं केमिस्ट्रीचं क्रेडिट हजेरीवरून अडकवलं, त्याच राज्याला ती घरी बसून केमिस्ट्री आयुष्यात शिकली नाही तरी चालणार होतं.

आता तुमच्या मनात आलंच असेल, म्हणून मीच सांगते. नाही, मी मुलीला 'घरी बसवलं' नाही. माझ्या बहिणीने फोनवर हाच शब्द वापरला होता. आपल्याकडे 17 नंबरचा फॉर्म भरणाऱ्या मुलाकडे लोक कसं बघतात ते मला ठाऊक आहे, मीही तशीच बघायचे. पण मी नाशिकच्या कॉलेजातली बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, लग्नाआधी अंबडच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये चार वर्षं टायट्रेशन करत होते. इथे एच-4 वर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर, कित्येक वर्षं त्या हातांनी फक्त पोळ्या लाटल्या. मुक्ताच्या भल्यासाठीच केलं सगळं, पण ऑनलाइन ब्युरेट (टायट्रेशनची थेंब-थेंब सोडायची मोजनळी) मागवताना मला जो आनंद झाला तो अगदीच निःस्वार्थ होता असं छातीठोक नाही सांगता येणार.

क्रेडिटचं म्हणाल तर घरच्या शाळेत आईच मुख्याध्यापिका. ट्रान्सक्रिप्ट मीच टाइप करायचं, सहीही माझीच. मी लिहिलं असतं 'केमिस्ट्री, दुसरं सत्र, 0.5', की विषय संपला. पण बारावीला पुन्हा सरकारी शाळेत जायचं झालं तर घरचं क्रेडिट मानायचं की नाही हे ती शाळा ठरवणार. आणि खरं सांगायचं तर, स्वतःच्या मुलीला स्वतःच पास करण्यात मला लाज वाटत होती. मग परीक्षेचा रस्ता धरला. इथे 'क्रेडिट बाय एग्झाम' असतं. लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या किंवा ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या परीक्षा एकेका सत्राच्याही देता येतात. विषय आधी वर्गात शिकून झालेला असेल तर 70 लागतात, नसेल तर 80. गंमत बघा, कॅफेटेरियातले तास इथे कुणी विचारत नाही. येतंय का, एवढंच विचारतात.

पण परीक्षा लेखी. फ्रिजवरच्या सात प्रयोगांचं काय? मुक्ता म्हणाली, लागत नाहीत तर कशाला? मी म्हटलं, जर्नल पूर्ण केल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही. हे वाक्य माझ्या तोंडून आलं आणि मलाच आमच्या कॉलेजच्या लॅबचा वास आला.

तर ऑगस्टमध्ये आम्ही निफाडला. दुसरं ऑपरेशन टळलं, सासूबाई वॉकर घेऊन चालू लागल्या. द्राक्षबागेत पावसाळ्याची फवारणी चालू होती. एका सकाळी आबांनी मुक्ताला हाक मारली, "एटीकेटी, इकडं ये." प्लास्टिकचे दोन ड्रम. एकात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, रात्रभर फडक्याच्या पोटलीत बांधून पाण्यात टांगलेलं. दुसऱ्यात कळीचा चुना, भिजवून, थंड करून, गाळून. दोन्ही एकत्र केलं की आभाळासारखं निळं बोर्डो मिश्रण. मग आबांनी कोयत्याचं पातं त्यात बुडवलं, थोड्या वेळाने काढलं. पात्यावर तांबूस झाक. "चुना कमी पडला. घाल अजून." पुन्हा बुडवलं, पुन्हा झाक, पुन्हा चुना. तिसऱ्यांदा पातं जसंच्या तसं निघालं. "आता फवारा. नाहीतर पानं करपतील."

मुक्ता ड्रमपाशी उकिडवी बसली होती. तिच्या यादीतले दोन प्रयोग होते हे: धातूंचं विस्थापन आणि आम्ल-अल्कली. लोखंड विरघळतं, त्याच्या जागी द्रावणातलं तांबं पात्यावर बसतं. चुना पुरेसा पडला की द्रावणात सुटं तांबं उरतच नाही, मग पात्यावर बसणार काय? तिने तिथेच हिशोब केला. एक किलो मोरचूद, 100 लिटर पाणी, म्हणजे 0.04 मोलर. आबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आम्ही एक टक्का म्हणतो." मग तिने विचारलं, लोखंडी पिंप का नाही वापरत? आबा हसले. "कोयत्यावर बसतं ते पिंपावर नाही का बसणार?" हा प्रश्न मी तिला परीक्षेसाठी काढून ठेवला होता.

रात्री मी दोघांना बोर्डोची गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी हा द्राक्षांचा रोग येत नाही, आणि 1885 मध्ये त्याने हे औषध जगापुढे मांडलं. आबांना रोगाचं काही वाटलं नाही. "म्हणजे चोर तिकडंही आहेत," एवढंच म्हणाले. सासूबाईंनी कॉटवरून सांगितलं की हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तेही लिही म्हणावं वहीत. लिहिलं. सूचक म्हणून हळद, सात ओळी.

ह्यूस्टनला परत आल्यावर शेवटचा प्रयोग उरला, टायट्रेशन. वाण्याकडचं व्हिनेगर दहापट पातळ केलेलं, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, रंग दाखवायला फिनॉल्फथॅलिन. ओट्यावर स्टँड लावला, दोघींनी चष्मे घातले. तो फिकट गुलाबी रंग जवळजवळ वीस वर्षांनी बघितला. मुक्ताची पहिली रीडिंग 16.6. दुसरी 17.3, हात घसरला. तिसरी 16.7.

मी सहज म्हटलं, "16.7 तीनदा लिही. सीबीआर 16.7."

आमच्याकडे तसंच होतं. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग म्हणून तीन सारखे आकडे लिहायचे, ते येत नसले तर बसवायचे. ओळखायला दिलेल्या सॉल्टचं नाव तर लॅबमधल्या मामांनी हळूच सांगितलेलं असायचं, वार्षिक परीक्षेलासुद्धा. माझं सबंध जर्नल सुवाच्य आणि निम्मं खोटं होतं. त्यावर मला 30 पैकी 28 मिळाले होते.

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. "बाई तर म्हणायच्या, आलंय ते लिहायचं आणि का चुकलं ते खाली लिहायचं." आणि तिने 17.3 लिहिलं. खाली लिहिलं, हात घसरला. तिन्हींची सरासरी काढून उत्तर आलं 5.06 टक्के. बाटलीवर 5 छापलं आहे.

त्या बाई त्याच शाळेतल्या, जिला मी वर एवढं बोलून घेतलं आहे.

नोव्हेंबरमध्ये परीक्षा झाली, 84 पडले. ट्रान्सक्रिप्टवर 0.5 मी त्या रात्रीच टाइप केलं. जुन्या शाळेच्या कागदावर 'आय' अजून तसाच आहे, तो आता कोण खोडणार? आबांना फोन केला. विषय निघाला म्हटल्यावर त्यांनी पेढ्यांचं विचारलं, आणि मग म्हणाले, "वहीवर सही कुणाची झाली?"

माझी, म्हटलं.

"कोयत्याच्या पानावर माझी पाहिजे," ते म्हणाले. मे महिन्यात आम्ही जाणार आहोत. मुक्ताने वही आत्तापासूनच बॅगेत ठेवली आहे.