स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर लिबरऑफिस

सर्व्हरवर वर्डच्या डॉक्स (.docx) फाइलची पीडीएफ करायची म्हटलं की लोक आधी खोटा डिस्प्ले उभा करायच्या मागे लागतात, एक्सव्हीएफबी वगैरे, पण नुसत्या कन्व्हर्जनसाठी त्याची काही गरज नाही, लिबरऑफिसला (वर्डसारखं फुकट ऑफिस सॉफ्टवेअर) हेडलेस ऑप्शन दिला की ते खिडकी न उघडता काम करतं.

खरी डोकेदुखी फॉन्टची. सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसेल तर पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात, आणि एररसुद्धा येत नाही! म्हणून नोटो नाहीतर लोहित आधी टाकाच. कॅलिब्रीत केलेल्या फाइली असतील तर कार्लिटो पण टाका, त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच असते, त्यामुळे ओळी सरकत नाहीत आणि दोन पानांचं पत्र तिसऱ्या पानावर जात नाही.

अजून एक, एका प्रोफाइलवर, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या फोल्डरवर, एका वेळी एकच लिबरऑफिस चालतं. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की बऱ्याचदा दुसरीची पीडीएफ बनतच नाही, मग शोधत बसा. प्रत्येक प्रोसेसला यूजरइन्स्टॉलेशन या ऑप्शनने वेगळा प्रोफाइल फोल्डर द्यायचा, आणि टाइमआउट लावायचाच, कारण एखादी बिघडलेली फाइल आली की ते तासन्‌तास अडकून राहू शकतं.