तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी वर्षं झाली, अजून भाड्यानंच का?

मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत एखादी नवीन लग्न झालेली मुलगी हमखास विचारते, "वैनी, एवढी सर्व्हिस झाली, तुम्ही अजून भाड्यानंच व्हय?" माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. कोल्हापूरजवळ पाचगावला आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्यावर जोतं तेवढं झालंय. रांगेत सगळं बोलणं होत नाही, म्हणून इथं सांगते.

पहिली बरीच वर्षं भाड्यानं राहणंच बरोबर होतं. यांना पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब सोबत नेता येतं असं ठिकाण, आलं की आम्ही क्वार्टरला; फील्ड, म्हणजे कुटुंब नेता येत नाही असं, आलं की मी मुलांना घेऊन परत कोल्हापुरात. एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यासाठी, कोल्हापूर शहरांच्या वाय गटात येतं, म्हणजे सध्या बेसिकच्या (मूळ पगाराच्या) २० टक्के. हवालदाराला सात-आठ हजार पडतात. त्यात उपनगरातल्या दोन खोल्या भागतात, बँकेचा हप्ता भागत नाही.

घर कुठं नको, हे मला २०१९ च्या ऑगस्टनं शिकवलं. शाहूपुरीत तळमजल्यावर राहत होतो. हे काश्मीरला. ५ ऑगस्टपासून तिकडचे फोन बंद झाले आणि त्याच आठवड्यात इकडं पंचगंगा चढायला लागली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका; त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रात्री मोरीतून पाणी उलटं आलं. मुलांची दप्तरं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. यांची नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक मला एकटीला उचलली नाही, ती खालीच राहिली. चार दिवसांनी यांचा फोन लागला. "कुठं आहेस?" एवढंच विचारलं आणि पुढं दोघांनाही बोलता येईना.

त्यानंतर जागा बघताना मी आधी पूररेषेचा नकाशा बघायचे, मग सात-बारा. निळी रेषा म्हणजे वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या महापुराची. निळ्या रेषेच्या आत बांधायला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधली जागा स्वस्तात दाखवतात, परवानगीही अटींवर मिळते, पण मी तिथं राहणार नव्हते. सासरे म्हणाले, "माळावर घे, पाणी विकत मिळंल." पाचगावला उन्हाळ्यात टँकर लागतो, तरी तिथंच घेतलं. प्लॉट माझ्याही नावावर आहे आणि प्रत्येक मुलीनं हा हट्ट धरावा असं मला मनापासून वाटतं.

मग बांधत का नाही? सुरुवात केली होती. कॉलमला १२ एमएमची सळी ठरली होती. साइटवर माल उतरला तो मला बारीक वाटला. ठेकेदार म्हणाला, "वैनी, सायबांशी बोलतो की मी." मी पदरानं सळीवरचा चिखल पुसला. सळीवर मापाचा आकडा उठवलेला असतो, तो १० होता. फोटो यांना पाठवला, यांनी इंजिनिअर रेजिमेंटमधल्या मित्राला दाखवला. माल परत गेला, १२ चा आला, जोतं झालं. तिथं हिशेब चुकता करून मी काम थांबवलं. मला सळी ओळखता येते, पण स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून काँक्रीटच्या मिक्सरशी उभं राहायचं आणि त्याच वेळी दहावीच्या मुलाचा डबाही करायचा, हे माझ्यानं होणार नव्हतं. रोज साइटवर जाणारं घरचं माणूस असेल तरच नोकरीत असताना बांधायला काढावं.

आणि ज्यांचं कोल्हापुरात कुणीच नाही, त्यांनी सरळ फ्लॅट घ्यावा. कुलूप लावून पोस्टिंगवर जाता येतं. त्यात काही कमीपणा नाही.

येत्या डिसेंबरात हे साठ दिवसांची रजा टाकून येणार आहेत, तेव्हा स्लॅब. मागच्या सुट्टीत आम्ही जोत्यावर चुन्यानं खोल्या आखल्या. स्वयंपाकघराच्या चौकोनात मी पूर्वेकडं तोंड करून, पोळ्या लाटताना उभी राहते तशी उभी राहिले. यांनी टेप धरून ओट्याची उंची घेतली. बत्तीस इंच. गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मी ती लिहून ठेवलीय.