पगार असतो त्यांना

मंगळवार, रात्री

दादाचं बरोबरच होतं. रविवारपासून स्वतःला हेच बजावतेय, तरी डोळ्याला डोळा लागत नाही.

मनूच्या निकालाच्या जेवणाला सगळे हॉटेलात गेलो होतो. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. दादाने चष्मा कपाळावर सरकवून बिल वाचलं आणि कॅप्टनला बोलावून म्हणाला, "हे काढा." तो म्हणाला, "सर, स्टाफसाठी असतं ते." मग दादाने आवाज जराही न चढवता सगळं सांगितलं. जुलै २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबद्दल सूचना काढल्या, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही लावायचा नाही. इथे तर त्याच्यावर जीएसटीसुद्धा चढवलाय. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, फोन करू का, म्हणाला. कॅप्टन मुकाट्याने दुसरं बिल घेऊन आला. निकिता एवढ्या कौतुकाने बघत होती दादाकडे! पैसे फोनवरून गेले आणि सगळे उठले.

बडीशेपेच्या वाटीशेजारी काहीच नाही. मी पर्स उघडली तर म्हणाला, "राहू दे गं, पगार असतो त्यांना."

मी दारापर्यंत जाऊन परत फिरले. आमच्या टेबलाचा मुलगा ताटं गोळा करत होता. आसामचा असावा किंवा तिकडचाच कुठला तरी. बोलताना हिंदीसुद्धा जपून बोलत होता. मी नोट पुढे केली तर त्याने आधी काउंटरकडे बघितलं. हात तसाच ताटाखाली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, उधर डब्बे में." गणपतीच्या फोटोशेजारी प्लॅस्टिकचा डबा होता, त्यात टाकली. 

गाडीत बसले तर दादा म्हणाला, "सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस." मी म्हटलं, "अण्णा असते तर..." त्याने वाक्य पुरं होऊच दिलं नाही. "अण्णांना मध्ये आणायचं नाही." घोडबंदरपर्यंत कोणी अवाक्षर काढलं नाही. मनूचा निकाल, मनूचं जेवण, आणि बिचारी मनू खिडकीतून बाहेर बघत बसलेली. ते वेगळंच वाईट वाटतंय.

अण्णांना मध्ये कसं आणायचं नाही? ते होतेच की मध्ये.

रात्री अकराच्या पुढे अण्णा यायचे. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचे. शर्टाचा खिसा वर्तमानपत्रावर उलटा करायचे. चार आणे, आठ आणे, एखादा रुपया. नाण्यांना बडीशेप आणि साखर चिकटलेली असायची. वाण्याने चिकट नाणी घ्यायला नको म्हणू नये म्हणून आई ओल्या फडक्याने एकेक पुसायची आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकायची. फोर्टातल्या एका हॉटेलात अण्णा वेटर होते. पगार होता त्यांना. तो खोलीच्या भाड्यात आणि राजापूरच्या मनीऑर्डरीत संपायचा. दूध, माझा बसचा पास, दादाच्या डिप्लोमाची फी हे सगळं त्या डब्यातून. मग त्याच डब्यावर शिकलेला माणूस बडीशेपेची वाटी तशीच सोडून उठतो कसा? मला एवढंच कळत नाहीये, आणि तेवढ्यानेच सगळं ढवळून निघालंय.

अण्णा ज्या टेबलांवर असत तिथली माणसं त्यांना पाठ होती. रोज येणारा बँकेतला कारकून न चुकता थोडं ठेवून जायचा. 'ए, इकडे ये' करत आरडाओरडा करणारा छदाम ठेवायचा नाही. जमलेल्यातला अर्धा भाग गल्ल्यावरच्या डब्यात जायचा, भटारखान्याचा आणि फडका मारणाऱ्या पोऱ्याचा. आई एकदा कुरकुरली होती, राबता तुम्ही आणि वाटेकरी बाकीचे. अण्णा म्हणाले, "भाजी त्याने केली, ताट त्या पोराने धुतलं. मी नुसतं आणून ठेवलं." म्हणून रविवारी त्या मुलाने डबा दाखवला तेव्हा बरं वाटलं. वाटणी होत असेल. होत असेल अशी आशा तरी.

सर्व्हिस चार्जचं मला कौतुक नाही. मालकाच्या बिलात चढलेला पैसा मालकाच्या खात्यात जातो, तिथून पुढे कुणाला किती मिळतो हे जेवणाऱ्याला कधी कळत नाही. दादा त्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पण कोर्टाने टिप बंद केली नाही ना. सेवा आवडली तर ग्राहकाने आपल्या मर्जीने द्यावी, एवढंच. मर्जी. अण्णांचा निम्मा संसार त्या मर्जीवर चालला. कारकुनाची मर्जी राहिली तर माझा पास निघायचा. आणि रविवारी आमच्या सबंध टेबलाची मर्जी नव्हती, हे मला सोसत नाहीये.

सगळ्यांनी ठरवून हात आखडता घेतलाय असंही नाही म्हणा. पूर्वी बिलाच्या बशीत सुटे परत यायचे आणि त्यातले चार तिथेच राहायचे. उचलायला लाज वाटायची म्हणूनही राहायचे. आता यूपीआयने बिलाचा आकडा पैशांपर्यंत अचूक जातो, परत काही येतच नाही. आता टिप द्यायची तर वेगळं आठवून, वेगळी नोट काढून द्यावी लागते. आणि खिशात नोटा असतात कुणाच्या? निखिलच्या पाकिटात तर फक्त कार्डं. त्याच्याशी बोलायचं होतं हे, पण तो कामात आहे. असू दे.

शर्वरीशी बोलले. तिकडे अमेरिकेत, डॅलसला, टिप न ठेवता उठलं तर वेटर मागे येऊन विचारतो म्हणे, काही चुकलं का. अठरा-वीस टक्के धरूनच चालतात. तिकडे टिप मिळणाऱ्यांचं केंद्राच्या कायद्यातलं किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, १९९१पासून तेवढंच, आणि टेक्सासमध्ये तेच चालतं. टिप धरून ७.२५ भरले नाहीत तर उरलेलं मालकाने घालायचं. म्हणजे मालकाने द्यायच्या पगाराचा मोठा भाग गिऱ्हाईक देतो. शर्वरी म्हणाली, "आत्या, तुमच्याकडचं बरंय, सक्ती नाही." मला यातलं काहीच बरं वाटलं नाही.

काल रात्री पाऊस होता आणि मला स्वयंपाकाचा कंटाळा. जेवण मागवलं. अ‍ॅपने आधीच विचारलं, टिप किती देणार? अजून तांदूळ शिजला नाही, माणूस निघाला नाही, आणि टिप. मी तिथे काही भरत नाही, हातात देते. २०२५च्या मे महिन्यात टॅक्सीच्या एका अ‍ॅपला अशा आगाऊ टिपेबद्दल ग्राहक प्राधिकरणाने नोटीस काढली होती. लवकर गाडी हवी तर आधी टिप बोला, ही बोलीच झाली. त्यात खुशी कुठली आली?

मुलगा आला तो ठिबकतच. पिशवी रेनकोटच्या आत छातीशी धरलेली, स्वतःची बाही पार भिजलेली. उशीर झाला म्हणून त्यानेच माफी मागितली. वॉचमनने मागच्या लिफ्टला पाठवलं आणि ती बंद, म्हणून सात मजले चढून आला होता. डिलिव्हरीवाल्यांनी मागचीच लिफ्ट वापरायची, त्या पाटीचा विषय मी सोसायटीच्या सभेत काढला होता. अध्यक्ष म्हणाले, बघू. पाटी आहे तिथेच आहे.

मी पन्नासची नोट दिली, टॉवेल दिला. टॉवेल घेतला नाही. "काकू, फाइव्ह स्टार द्या तेवढे," म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

दादाचं वाक्य इथे आणून ठेवलं तर? पगार असतो त्यांना. याला नसतो. ऑर्डरीमागे पैसे मिळतात. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, पडला तर हाड त्याचं. कंपनी त्याला पार्टनर म्हणते. नीती आयोगाच्या अहवालात २०२०-२१मध्ये अशी कामं करणारे ७७ लाख होते, आणि २०२९-३०पर्यंत दोन कोटी पस्तीस लाख होतील असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२०ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ला. अ‍ॅपवाल्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के भाग यांच्या विम्यासारख्या सोयींसाठीच्या निधीत द्यायचा असं त्यात आहे. ते होऊ दे, लवकर होऊ दे. पण विमा आला म्हणून महिनाअखेरीचं भागणार नाही. यांना पगार द्यायचा असं त्यात कुठेच नाही.

हे सगळं दादाला सांगायला हवं होतं गाडीत. मला ऐनवेळी सुचत नाही. आणि सुचलं असतं तरी लहान बहिणीचं ऐकतो कोण. आयुष्यभर याचं बरोबर आणि माझं हळवं. आईसुद्धा तसंच म्हणायची. जाऊ दे. झोपते.

बुधवार

सकाळी वहिनीचा फोन. दादाही झोपला नाहीये म्हणे. त्याने सांगू नको म्हटलेलं तिने सांगितलं. लग्नानंतर एकदाच बोलला होता तो तिच्याशी यावर.

दादा सातवी-आठवीत असताना गावाहून आजीची तार आली, म्हणून आईने त्याला हॉटेलात पाठवलं होतं. तो मालकाच्या गल्ल्यापाशी उभा. समोरच्या टेबलावर तीन-चार जण जेवून उठत होते. त्यातल्या एकाने आठ आण्याचं नाणं उष्ट्या पाण्याच्या ग्लासात टाकलं आणि बाकीचे हसत उभे राहिले, हा काय करतो बघायला. अण्णांनी ग्लासात दोन बोटं घातली, नाणं काढलं, खांद्यावरच्या फडक्याला पुसलं, खिशात टाकलं आणि कपाळाला हात लावून त्यांना नमस्कार केला. मग वळले तर समोर दादा.

घरी अण्णा कधी बोलले नाहीत. दादाही नाही. एवढी वर्षं मला याचा पत्ताच नाही.

माझ्यापुढे यायची ती पुसून डब्यात पडलेली नाणी. तो मात्र त्या दिवशी नाणं ग्लासात पडतानाच बघून आला होता. त्या आठ आण्यांचंही दूध आलं असेल आमच्याकडे. मी प्यायले असेन, तोही प्यायला असेल. सकाळपासून हेच डोक्यात आहे. त्याला कसं गेलं असेल ते दूध?

आता दादाच्या अंबरनाथच्या कारखान्याचं कळतं. सात तारखेच्या आत पगार, प्रत्येकाचा प्रॉव्हिडंट फंड. कायद्याने बोनस ८.३३ टक्के द्यावा लागतो, हा त्याहून जास्त देतो, तोही थेट खात्यात. माल उतरवायला गेलेल्या पोरांनी गिऱ्हाइकाकडून चहापाणी घेतलं तर त्याला खपत नाही. "हवंय तर माझ्याकडे मागा, दुसऱ्यापुढे हात पसरायचा नाही," असं तो ओरडतो त्यांच्यावर. मला तो कडकपणा वाटायचा. दिवाळीत मी पोस्टमनला, कचरा नेणाऱ्या ताईंना, वॉचमनला पोस्त द्यायला पाकिटं भरते तेव्हा तो उठून गॅलरीत का जातो, तेही आज कळलं. 

राग गेला माझा. थोडं रडून झालं. म्हणजे तोही अण्णांसाठीच भांडत होता गाडीत, आणि मीही. दोघांची समजूत घालणारे अण्णा नाहीत, एवढंच. ते असते तर दोघांनाही गप्प करून कुठल्या तरी तिसऱ्याच गोष्टीवर बोलले असते. असं घर आहे आमचं, त्याला काय करणार.

पण दादा, तुझ्या कारखान्यातली पोरं तुझी आहेत. रविवारचा तो मुलगा तुझ्याकडे कामाला नाही. त्याचा मालक सात तारखेला पगार देतो की नाही हे तुलाही ठाऊक नाही आणि मलाही. तू दहा टक्के काढायला लावलेस ते मालकाच्या बिलातून काढलेस, चांगलं केलंस. तेवढेच त्या मुलाच्या हातात, नाहीतर डब्यात, गेले असते तर? नीट द्यायचे. बशीत फेकून नाही, त्याच्याकडे बघून, त्याचं नाव विचारून. अण्णांना तसे देणारेही होते. तो बँकेतला कारकून जाताना "येतो हां" म्हणायचा, हे अण्णा आम्हाला कितीदा सांगायचे. दादाला आठवत असणार. दोघंही तेव्हा तिथेच बसलेलो असायचो.

ग्लासाचं मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही, वहिनीला तसा शब्द दिलाय. कारकुनाचं मात्र विचारीन. शनिवारी येतोय तो आंबे घेऊन. चिडला तर चिडू दे.