तुम्ही विचारलंत म्हणून : ब्याऐंशी सामने कशाला बघायचे?

गणपतीच्या कार्यक्रमात, फोनवर, सुट्टीत कोल्हापूरला गेल्यावर, विचारणारा बदलतो, प्रश्न तोच असतो. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचा संघ एका हंगामात ८२ साखळी सामने खेळतो (२०२६-२७ पासून ८४). मग निम्मे संघ बाद फेरीत जातात आणि तिथे सगळं शून्यापासून सुरू होतं. असं असताना ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तू टीव्हीसमोर काय करतेस? शेवटचे दोन महिने बघितलेस तरी पुरे की! माझा धाकटा भाऊ तर त्याहून थेट बोलतो, "ताई, आयपीएलमध्ये चौदा साखळी सामने असतात, तेसुद्धा मी सगळे बघत नाही."

प्रश्न रास्त आहे. आकडे काढून भांडायला बसलं तर माझीच बाजू लंगडी पडते. २०१८-१९ चा हंगाम घ्या. टॅम्पा बे संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकले, १२८ गुण मिळवले आणि बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत कोलंबसकडून ४-० असा मार खाऊन तो घरी गेला. एकटा टॅम्पाच नाही, त्या वर्षी चारही गटांतले अव्वल संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडले. सहा महिन्यांच्या कष्टाचं मोल एवढंच असेल तर भावाचं बरोबर आहे.

पण मी राहते सेंट लुईसला, आणि माझं उत्तर त्याच हंगामात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथला संघ ब्लूज, जन्म १९६७. पहिल्या तीनही वर्षी अंतिम फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा एकही सामना न जिंकता हरला. १९७० नंतर तर कित्येक दशकं अंतिम फेरी दिसलीच नाही. १९८० ते २००४ सलग पंचवीस हंगाम हा संघ बाद फेरीत गेला, पण स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, एकदाही नाही. इथल्या जुन्या प्रेक्षकांचा स्वभावच त्यामुळे घडला आहे. संघ ३-० ने पुढे असला तरी ते घड्याळाकडे बघत बसतात.

२०१८ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाने बरीच खरेदी केली. बफेलोकडून रायन ओरायलीला आणलं. सततच्या पराभवांनी खेळावरचं प्रेमच कमी होत गेलं, असं त्याने बफेलोतल्या शेवटच्या हंगामानंतर स्वतःच कबूल केलं होतं. डेव्हिड पेरॉन परत आला, टायलर बोझॅक आला, आणि पॅट मरून आला, तो तर सेंट लुईसचाच पोरगा. कागदावर संघ तगडा दिसत होता.

बर्फावर मात्र वेगळंच. १९ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसकडून घरच्या रिंकवर २-० असा पराभव झाला आणि त्याच रात्री प्रशिक्षक माइक यो यांची गच्छंती झाली. हंगामी प्रशिक्षक म्हणून क्रेग बेरूबे आले. खेळाडू असताना हा माणूस मारामारीसाठी प्रसिद्ध होता. डिसेंबरात सरावाच्या वेळी आपल्याच संघातले दोघे, बोर्टुझो आणि सॅनफर्ड, एकमेकांवर गुद्दे चालवताना कॅमेऱ्यात सापडले. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी गुणतक्ता उघडला तर ३१ संघांत आम्ही ३१ वे. ३७ सामने, १५ विजय, ३४ गुण.

ही गोष्ट सगळीकडे "तळातून शिखरावर" अशी चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. चमत्कार बघायला शेवटचे दोन महिने पुरतात, आणि ज्यांनी तेवढेच बघितले त्यांनाच तो चमत्कार वाटला.

आधी तक्त्याचं बोलू. जिंकलं की दोन गुण. साठ मिनिटांत हरलं तर शून्य. पण साठ मिनिटांनी बरोबरी असेल आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलं, तर हरणाऱ्यालाही एक गुण. त्यामुळे मधले बरेच संघ दाटीवाटीने उभे असतात. शिवाय त्या दिवशी बहुतेक संघांपेक्षा आमचे सामने कमी झाले होते. म्हणजे तळाला असलो तरी खड्डा दिसत होता तेवढा खोल नव्हता. रोज तक्ता वाचणाऱ्यांना हे माहीत होतं, आणि चेष्टा टाळायला आम्ही ते मोठ्याने बोलत नव्हतो.

दुसरं खेळाचं. डिसेंबरात बेरूबेंचा संघ हरत होता, पण नोव्हेंबरातल्यासारखा नाही. या खेळात पाच जण बर्फावर, सहावा गोलकीपर, आणि बाकीचे बाकावर. एकेका फळीची (एकत्र खेळणाऱ्या गटाची) पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची, की चालू खेळातच कठड्यावरून उडी मारून बदली. नोव्हेंबरात या बदल्या पाहवत नव्हत्या. दमलेले खेळाडू बर्फावर अडकून पडायचे आणि प्रतिस्पर्धी मोकळे सुटायचे. डिसेंबर संपता संपता पाळ्या आखूड झाल्या, बचावपटू पक (खेळायची रबरी चकती) घेऊन नाचायचे थांबले, कोपऱ्यातल्या झटापटी आपण जिंकायला लागलो. गोल तेवढे अडत नव्हते. मंगळवारच्या रात्री, अर्ध्या रिकाम्या स्टेडियममधला सामना बघितला तर हे दिसतं. बातमीतल्या ४-१ मध्ये ते दिसत नाही.

गोल अडवणारा मिळाला ७ जानेवारीला. जॉर्डन बिनिंग्टन, वय २५, संघाच्या गोलकीपरांच्या उतरंडीत हंगामाच्या सुरुवातीला चौथा. आदल्या वर्षी तर ब्लूजकडे त्याला खेळवायला स्वतःचा दुय्यम संघ नसल्यामुळे त्याला बॉस्टनच्या दुय्यम संघात उसना पाठवला होता. फिलाडेल्फियात त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं. ब्लूज ३-० ने जिंकले. त्याने २५ फटके अडवले, एकही आत जाऊ दिला नाही. त्याच्या आदल्या संध्याकाळी काही खेळाडू तिथल्या एका बारमध्ये अमेरिकन फुटबॉल बघत बसले होते. तिथे वारंवार लागणारं ऐंशीच्या दशकातलं एक गाणं त्यांना इतकं आवडलं की ते विजयगीत झालं. पुढचे पाच महिने या गावात किराणा दुकानापासून दंतवैद्याच्या दवाखान्यापर्यंत तेच वाजत होतं. (आमच्या लेकीने तर ते कानावर पडलं की घराबाहेर पडायचं ठरवलं होतं.)

जानेवारीच्या शेवटी सुरू झालेली विजयांची माळ ११ सामने चालली. बिनिंग्टनने हंगामात ३० सामन्यांना सुरुवात केली, त्यातले २४ जिंकले. पण नुसत्या गोलकीपरने संघ जिंकतो असं म्हणणाऱ्यांनी अलेक्झांडर स्टीनकडे बघितलेलं नसतं. २००८ पासून ब्लूजमध्ये असलेला, एकेकाळी पहिल्या फळीत खेळलेला हा माणूस त्या वर्षी चौथ्या फळीत गेला. बार्बाशेव आणि सुंडक्विस्ट या आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरांसोबत, आपल्याच गोलाजवळच्या सगळ्यात नकोशा पाळ्या खेळायच्या, गोल करण्याची संधी कमी, मार जास्त. त्याने तोंड वाकडं केलेलं कधी दिसलं नाही. बाद फेरीत हीच फळी बेरूबे बिनधास्त समोरच्यांच्या सर्वोत्तम खेळाडूंवर सोडायचे. समालोचक तेव्हा तिच्या शोधाबद्दल बोलत होते. आम्ही तिला महिनोन्महिने बघत होतो.

३ जानेवारीनंतरच्या ४५ सामन्यांत ३० विजय, १० साधे पराभव आणि ५ जादा वेळेतले. एकूण ९९ गुण. नॅशव्हिलला १०० मिळाले, म्हणून गटात पहिले ते. विनिपेगचेही ९९ झाले, पण शूटआउटमधले सोडून मोजलेले त्यांचे विजय जास्त, म्हणून दुसरे ते, आणि आम्ही तिसरे. इथेच माझ्या भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्या भिकार शरद ऋतूतला एखादा पराभव जिंकला असता तर आम्ही गटात पहिले येऊन भलत्याच संघाशी खेळलो असतो. पुढे काय झालं असतं देव जाणे. पहिले येणाऱ्यांचं त्या वर्षी काय झालं ते वर सांगितलंच आहे.

बाद फेरीचं सगळं सांगत नाही, ते कुठेही मिळेल. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. घरच्या मैदानावर आम्ही १३ सामने खेळलो, त्यांतले ७ हरलो. परक्या गावी १३ खेळलो, १० जिंकलो. विनिपेगला पहिले दोन्ही सामने तिथे जाऊन जिंकले, मग घरी येऊन दोन्ही गमावले. लोक म्हणायचे हे अजब आहे. अजब काय त्यात? घरी प्रेक्षक खेळ सजवायला लावतात. बाहेर गेलं की पक मागे टाका, धावा, धडका, बदली करा, एवढंच उरतं, आणि हा संघ जानेवारीपासून एवढंच करत होता.

सॅन होजेविरुद्धचा तिसरा सामना तर तुम्हाला चिडवायला पुरे आहे. जादा वेळेत त्यांच्या खेळाडूने हाताने पक ढकलला, तो सरळ सरळ नियमभंग होता. चारपैकी एकाही पंचाला तो दिसला नाही, आणि त्यावरच गोल होऊन आम्ही हरलो. अख्खं स्टेडियम पेटलं होतं. बेरूबे खेळाडूंना काय बोलले ते बोलले, पण पुढचे तीनही सामने ब्लूजने जिंकले, शेवटचे दोन ५-० आणि ५-१ असे. नोव्हेंबरातला संघ त्या रात्रीच मोडला असता.

अंतिम मालिका बॉस्टनशी, सात सामन्यांपर्यंत गेली. सहावा घरी, जिंकला असता तर कप इथेच उचलला असता, तो ५-१ असा हरलो. माझ्या कोल्हापुरी मनाला ते लागलं होतं. शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात घरच्या लोकांसमोर हरणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. १२ जूनचा सातवा सामना बॉस्टनला. इथे लोक पडद्यावर बघायला स्टेडियममध्ये आणि शेजारच्या बेसबॉलच्या मैदानावर जमले. भावाकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. गजर लावून उठला होता, हे तो आता नाकारतो.

पहिल्या वीस मिनिटांत बॉस्टनने १२ फटके मारले, आम्ही ४. बिनिंग्टनने बाराही अडवले. आमच्या चारपैकी दोन आत गेले. पहिला बोमीस्टरचा फटका ओरायलीने जाता जाता वळवला, दुसरा विश्रांतीला आठ सेकंद असताना कर्णधार पिएत्रांजेलोने मारला. शेवट ४-१. चौथा गोल कुणाचा? सॅनफर्डचा. डिसेंबरात सरावात गुद्दे मारणारा तोच, मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेला. तो पक जाळ्यात गेला तेव्हा मला तो सराव आठवला आणि मी एकटीच मोठ्याने हसले. घरातल्या बाकीच्यांना कळेना, हसण्यासारखं काय झालं. भावाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे. ओरायली, ज्याची खेळावरची माया आटत चालली होती, तो बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

"पण मग आता?" हा पुढचा प्रश्न. आता तो संघ उरलेला नाही. पिएत्रांजेलो २०२० मध्ये व्हेगासला गेला. बोमीस्टर २०२० च्या फेब्रुवारीत सामना चालू असताना बाकावरच कोसळला. तो वाचला, पण पुन्हा खेळला नाही. ओरायली आणि हुकमी गोल करणारा तारासेन्को २०२३ मध्ये दुसरीकडे पाठवले गेले. बेरूबेंनाही त्याच वर्षाच्या डिसेंबरात काढलं, हंगामाच्या मध्यावर, जसं त्यांच्या आधीच्याला काढलं होतं. पगाराच्या कमाल मर्यादेमुळे जिंकलेला संघ इथे फार दिवस टिकत नाही. आणि नंतरच्या हंगामांत बरेच सामने खरोखर रटाळ होते, हे मी मान्य करते. दुसऱ्या पिरियडला मी भाजी निवडायला घेते.

तर कुणाला एकदा बघायचंच असेल, म्हणजे इकडे येणार असाल, तर बाद फेरीची तिकिटं काढू नका. नोव्हेंबरातला मधल्या वारचा सामना घ्या, स्वस्त मिळतो. काचेजवळची जागा महाग असते आणि तिथून फक्त धडका दिसतात. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात बसा, म्हणजे फळ्या कशा बदलतात ते दिसेल. जाकीट आत गेल्यावर काढू नका. समोर आमचा जुना वैरी शिकागो असेल तर मी बरोबर येईन, पण त्या दिवशी मला मध्येच नियम विचारायचे नाहीत.