कमळपक्षी, तिसरी नोंद: ‘ब’ घरट्यातील अंडी

मंगळवारी सकाळी ‘ब’ घरट्यातील चारही अंडी दिसेनाशी झाली आणि नऊ दिवसांची मेहनत पाण्यात गेली, असे मला वाटले. गोंदिया जिल्ह्यातील आपल्या या मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी रात्रीच्या पावसाने वीतभर चढले होते आणि शिंगाड्याच्या पानांवर रचलेली ती ओली चवड अर्धी बुडाली होती. कावळ्याने डाव साधला असावा, असे मी वहीत लिहूनही टाकले.

खटकत होते ते इतकेच, की नर जागेवरून हलत नव्हता. मादी नेहमीप्रमाणे दुसऱ्या नराकडे गेली होती. कमळपक्ष्यांत उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे सारे नराचेच काम असते. परंतु हा नर तोच कशावरून? मानेचा सोनेरी पट्टा आणि त्याची काळी कड सर्वांनाच सारखी असते. अखेर शेपटीच्या लांब पिसांपैकी एक निम्म्यात तुटलेले दिसले आणि तो ‘ब’चाच नर असल्याची खात्री पटली.

आज गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास, ऊन पाठीशी आल्यावर, जुन्या घरट्यापासून दहा-बारा फुटांवर पितळी झाक असलेली तीन तपकिरी अंडी दिसली. चौथे अंडे नर चोच आणि छाती यांच्यामध्ये धरून, पानांवरून मागे मागे सरकत नेत होता! हे मी आजवर केवळ वाचले होते. प्रत्यक्ष पाहताना दुर्बीण धरलेला हात थरथरत होता.

पाऊस लागत नाही या हमीवर घेतलेल्या स्पॉटिंग स्कोपच्या (एका नळीच्या मोठ्या दुर्बिणीच्या) भिंगात मात्र ऐन वेळी बाष्प धरले, त्यामुळे हे सारे साध्या ८×४२ (आठपट मोठे दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीतून पाहिले. नवख्यांनी पहिला खर्च तिच्यावरच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील आठवड्यात डोंगा घेऊन जवळून छायाचित्रे काढण्याचा बेत मी रद्द करत आहे, कारण डोंग्याच्या लाटेने ही चवड पुन्हा बुडू शकते. लिहिता लिहिता सुचले, की पाळीलगत खुणा केलेला बांबू रोवून रोज पाण्याची उंची टिपली, तर अंडी नेमकी किती पाणी चढल्यावर हलवली जातात हे कळेल. मग उथळ पाण्यातील ‘क’ घरटेही त्याच तक्त्यात घेता येईल. चौथे अंडे घातल्याला आज बारा दिवस झाले. उबवणीला सुमारे २६ दिवस लागतात, म्हणजे हाती दोनच आठवडे आहेत. बांबू उद्या सकाळीच रोवतो.